विमान उनं का रे भाऊ?

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा. कारण अर्ध्यातच काही जण मला विकासविरोधी ठरवतील आणि बाकीचे विमान कंपन्यांचा वकील म्हणतील.

"विमान उनं का रे भाऊ?" हा प्रश्न आपल्याकडे आता थट्टेचा झालाय. धुळ्याचे नातेवाईक जळगावकरांना फोनवर मुद्दाम विचारतात. आम्ही पण हसतो. थट्टेमागचा प्रश्न मात्र खरा आहे. विमान येतं, बंद पडतं, पुन्हा येतं. पेपरात तीनदा 'स्वप्न साकार'ची हेडलाइन झाली. वीस वर्षं या जिल्ह्यात बातमीदारी करतोय, त्यामुळे त्यातल्या काही हेडलाइन आमच्याच हातच्या. म्हणून जरा हिशेब मांडावा म्हटलं.

आधी आपल्या विमानतळाची कुंडली.

कुसुंब्याची धावपट्टी १९७३ ची. सार्वजनिक बांधकाम खात्याने बांधली. १९९७ मध्ये ती जळगाव नगरपालिकेकडे आली. नळाला पाणी सोडणाऱ्या नगरपालिकेने विमानतळ सांभाळायचा, असा तो काळ. २००७ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे गेली. २००९ मध्ये राज्य सरकारने विमानतळ प्राधिकरणाशी करार केला. २०१० मध्ये त्यावेळच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते विस्ताराचं भूमिपूजन झालं. आपल्या जिल्ह्याची लेक राष्ट्रपती भवनात होती, म्हणून काम हललं, हे कुणी नाकारत नाही. २०१२ पर्यंत १,७०० मीटरची धावपट्टी तयार झाली.

त्यानंतर पाच वर्षं तिथे प्रवासी विमान नव्हतं. नेत्यांची आणि उद्योगपतींची विमानं, हेलिकॉप्टर, बस. आपण कुंपणाबाहेरून बघायचं.

२०१६ ला केंद्राची 'उडान' योजना आली. पहिलं उड्डाण २७ एप्रिल २०१७ ला, शिमला ते दिल्ली. हवाई चप्पल घालणारा माणूस विमानात बसला पाहिजे, हे पंतप्रधानांचं वाक्य तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं. त्याच वर्षी २३ डिसेंबरला एअर डेक्कनचं मुंबई-जळगाव विमान सुरू झालं. छोटं, एकोणीस आसनांचं बीचक्राफ्ट. लोक कुटुंबासह बघायला गेले होते. काही महिन्यांतच ते रडतखडत थांबलं.

मग १ सप्टेंबर २०१९ ला ट्रूजेट आलं. सत्तरेक आसनांचं एटीआर. मुंबई आणि अहमदाबाद. हे बरं चाललं होतं. पुढे कोरोना आला आणि २०२२ च्या सुरुवातीला ती कंपनीच जमिनीवर बसली. पुन्हा दोन वर्षं शुकशुकाट. २०२४ च्या एप्रिलमध्ये गोव्याच्या फ्लाय ९१ ने गोवा आणि हैदराबाद जोडलं, मे महिन्यात पुणे. जूनमध्ये अलायन्स एअरने मुंबई.

म्हणजे सात वर्षांत तीन वेळा नारळ फुटला.

आता ही योजना चालते कशी, ते समजून घेऊ. कारण चौकात बोलताना अर्धे म्हणतात सरकार फुकट उडवतंय, अर्धे म्हणतात कंपन्या लुटतायत.

छोट्या गावाला विमान परवडत नाही. आसनं भरत नाहीत आणि खर्च काही कमी होत नाही. आपल्या देशात विमान कंपनीच्या खर्चात जवळपास चाळीस टक्के इंधनच असतं. बहुतेक विमानं भाड्याने घेतलेली असतात आणि भाडं डॉलरमध्ये. म्हणून सरकार म्हणतं, या मार्गावरची साधारण निम्मी आसनं ठरवून दिलेल्या कमी भाड्यात विका, तुटेल तो पैसा आम्ही देऊ. तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला २,५०० रुपये धरले होते. तुटीची ही भरपाई तीन वर्षं मिळते. तेवढा काळ त्या मार्गावर दुसऱ्या कंपनीला येऊ देत नाहीत. भरपाईत राज्याचा वाटा वीस टक्के. शिवाय राज्याने इंधनावरचा व्हॅट एक टक्क्यावर आणायचा आणि पोलीस बंदोबस्त, अग्निशमन फुकट द्यायचं. बाकीचा पैसा येतो कुठून? दिल्ली-मुंबईसारख्या मोठ्या मार्गांवरच्या प्रत्येक उड्डाणामागे कंपन्यांकडून ठराविक रक्कम घेतात. कंपन्या ती तिकिटातच वसूल करतात.

हे आपल्याला नवीन नाही. एसटीचं तेच आहे. धुळे-नाशिक गाडी भरून जाते, म्हणून सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावर मुक्कामी गाडी जाते. महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट आहे, त्याची भरपाई सरकार महामंडळाला देतं. आडगावाला जोडण्यासाठी सार्वजनिक पैसा लागतो, त्यात लाज नाही. प्रश्न एवढाच की त्या पैशातून पाड्यावरची गाडी रोज येते का.

इथेच गाडं अडतं. कॅगचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत आला. आकडे वाचा. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत मिळून ७७४ मार्ग मंजूर झाले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यातल्या फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली. आणि भरपाई थांबल्यावरही मार्च २०२३ पर्यंत तग धरून होते ते फक्त ५४. शंभर मार्गांचा गाजावाजा झाला आणि सात उरले, असा याचा अर्थ. जळगावचं जे झालं ते आपल्या नशिबाचं नव्हतं, देशभर तीच रीत होती.

आता तुम्ही म्हणाल, तुला काय एवढं विमानाचं पडलंय? तू तर महाराष्ट्र एक्सप्रेसने फिरणारा माणूस.

घरातली एक गोष्ट सांगतो.

माझी पुतणी एका मोठ्या शहरात नोकरी करते. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की कंपनी ओळखू येईल, आणि माझं भांडण एका कंपनीशी नाही. भाऊ-वहिनी दोघं नोकरीला, म्हणून ही पोर आजीजवळच वाढलेली. आईला पहिल्यांदा दवाखान्यात भरती केलं तेव्हा पोरीने सकाळी तिकीट काढलं आणि दुपारी ती आजीच्या उशाशी होती. भाडं दोन हजार आणि वर थोडे. आईने डोळे उघडले तर समोर नात. "इमानात बसून आली का वं माय?" म्हणाली आणि त्या अवस्थेत हसली. त्या दिवशी मी मनातल्या मनात उडान योजनेला हात जोडले. खोटं कशाला बोलू?

तीन महिन्यांनी आई पहाटे गेली. पुतणीला लगेच कळवलं. त्या दिवशी दुपारचं विमान होतं, तिकीट मिळालं. आम्ही ठरवलं, पोर येईपर्यंत थांबायचं. गल्लीत मंडळी जमली, गावाकडचे लोक आले. दुपारी तिचा फोन. विमानतळावर जाऊन बसली होती, विमान रद्द. कारण 'ऑपरेशनल'. दुसरं विमान दोन दिवसांनी. भाऊ म्हणाला, अजून किती थांबवायचं आईला? उन्हाळ्याचे दिवस. संध्याकाळी सहाला आम्ही निघालो. ती रेल्वेने दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. राख सावडायला होती.

तिकिटाचे पैसे आठवड्याभरात परत आले. ती अजूनही तो विषय काढत नाही.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट नीट कळली. आपल्यासारख्या गावाला विमानाच्या वेगापेक्षा त्याचा भरवसा जास्त लागतो. विमान नाहीच, हे माहीत असतं तर ती सकाळीच रेल्वेने निघाली असती आणि रात्री उशिरा का होईना पोचली असती. आम्ही पण थांबलो असतो. विमान 'आहे' म्हणून आम्ही फसलो. येईल की नाही याचा नेम नसलेली गाडी कधी कधी नसलेल्या गाडीपेक्षा महाग पडते. खेड्यात एसटीची वाट बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

मोठ्या शहरात एक विमान रद्द झालं तर तासाभरात दुसरं असतं. आपल्याकडे त्या मार्गावर एकच कंपनी आणि आठवड्यातले ठराविक वार. कंपनीकडे विमानं मोजकी. एकात बिघाड झाला तर आधी कोणता मार्ग कापतील? जिथे आरडाओरडा कमी होईल तो. म्हणजे आपला.

वाचणाऱ्यांच्या कामाची माहिती इथेच देऊन टाकतो. नागरी विमान महासंचालनालयाचा नियम आहे. विमान रद्द झालं तर पूर्ण पैसे परत किंवा दुसऱ्या विमानाची सोय, यातलं काय घ्यायचं ते प्रवाशाने ठरवायचं. वेळेत कळवलं नसेल आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर तासाभराच्या विमानाला पाच हजारांपर्यंत आणि त्याहून लांबच्या प्रवासाला दहा हजारांपर्यंत भरपाई आहे. खराब हवामानासारख्या कारणांना नाही. हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. लेखी मागा.

आता जरा मोठं चित्र बघू.

आपल्या देशाची विमानसेवा १५ ऑक्टोबर १९३२ ला सुरू झाली. जेआरडी टाटांनी स्वतः छोटं विमान चालवत कराचीहून जुहूला टपाल आणलं. त्याच टाटा एअरलाइन्सची पुढे एअर इंडिया झाली. १९५३ ला सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. १९८१ ला छोट्या गावांसाठी 'वायुदूत' काढली, ती तोट्यात बुडाली आणि १९९३ ला इंडियन एअरलाइन्समध्ये विरघळली. म्हणजे छोट्या गावाला विमान देण्याचा प्रयोग आजचा नाही आणि फसायची सवयही जुनी आहे. पुढे खासगी कंपन्या आल्या. किंगफिशर २०१२ ला थांबली, जेट २०१९ ला, गो फर्स्ट २०२३ ला. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया १८ हजार कोटींच्या व्यवहारात परत टाटांकडे गेली.

सगळ्यांना वाटतं, सरकारी विमान कंपनी संपली. नाही संपली. अलायन्स एअर त्या विक्रीत गेली नाही, ती सरकारकडेच राहिली. शिमल्याहून उडानचं पहिलं विमान तिनेच नेलं आणि जळगावला मुंबई जोडली तीही तिनेच. देशाची उरलेली सरकारी प्रवासी विमान कंपनी कुसुंब्याला उतरली, हे किती जळगावकरांना माहीत आहे? नफ्यासाठी धावणारे मोठे खेळाडू आपल्याकडे येत नाहीत. सरकारी कंपनी ठेवायची तर ती अशाच मार्गांसाठी ठेवा आणि तिला पुरेशी विमानं द्या. नावापुरती जिवंत ठेवून आठवड्यातून दोनदा रद्द करायला नको.

बाकी बाजारात दोनच घरं उरलीत. इंडिगोकडे साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी, उरलेल्यातले बरेचसे एअर इंडियाकडे. अशा बाजारात एक घर शिंकलं की देशाला सर्दी होते. डिसेंबर २०२५ मध्ये ते दिसलंच. वैमानिकांना जास्त विश्रांती देण्याचे नवे नियम लागू झाले, इंडिगोचं नियोजन कोलमडलं, हजारो उड्डाणं रद्द झाली, लोक विमानतळांवर जमिनीवर झोपले. शेवटी सरकारने नियमात तात्पुरती सूट दिली. नियम प्रवाशांच्या जिवासाठी होते, हे विसरून चालणार नाही. थकलेला ड्रायव्हर आपण ट्रॅव्हल्सच्या गाडीला चालवून घेत नाही, मग विमानाला कसा चालेल?

वैमानिकांवरून आठवलं. खान्देशाचं आणि विमानाचं खरं रोजचं नातं प्रवाशांचं नाहीच. ते शिकाऊ वैमानिकांचं आहे. धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण चालतं. शिरपूरला तांड्याच्या धावपट्टीवर विमानविद्येची अकादमी आहे. जळगावलाही प्रशिक्षण संस्था आली. देशभरातली पोरं-पोरी इथे येऊन २०० तासांचं उड्डाण पूर्ण करतात आणि मग मुंबई-दिल्लीच्या मोठ्या विमानात बसतात. आपल्याकडे आकाश मोकळं आणि गर्दी नाही, म्हणून ही सोय. कपाशी निंदणाऱ्या बायांच्या डोक्यावरून दिवसभर छोटी विमानं घिरट्या घालतात. त्यातल्या कितीतरी मुली चालवतात. भारतात स्त्री वैमानिकांचं प्रमाण सुमारे पंधरा टक्के आहे, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट. याचा अभिमान वाटतो.

पण त्या कोर्सला पन्नास लाखांच्या पुढे खर्च येतो. निंदणाऱ्या बाईची पोर त्या विमानात कधी बसणार? खान्देशच्या पोरांसाठी दरवर्षी चार-पाच जागा शिष्यवृत्तीच्या ठेवा, एवढी मागणीही आपल्या एकाही पुढाऱ्याने केल्याचं माझ्या कानावर नाही.

१६ जुलै २०२१ आठवतोय? चोपडा तालुक्यात वर्डीच्या शिवारात, सातपुड्याच्या कुशीत, शिरपूरच्या अकादमीचं शिकाऊ विमान कोसळलं. प्रशिक्षक जागीच गेले, शिकणारी मुलगी जखमी. तिथे गाडी जाईल असा रस्ता नव्हता. आदिवासी पाड्यावरची माणसं धावली. एका माउलीने आपलं लुगडं काढून दिलं, त्याची झोळी केली आणि लोकांनी त्या मुलीला खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणलं. ज्यांच्या पाड्याला रस्ता नाही, त्यांनी आकाशातून पडलेल्या पोरीला वाचवलं. बातम्या झाल्या, सत्कार झाले. खान्देशात विमान आणि माणूस यांच्यातलं अंतर किती आहे, हे मला त्या एका दिवसाएवढं कुणी समजावलं नाही.

आता पैशाची दुसरी बाजू. विमानाने जळगावचा व्यापार वाढेल, असं सगळेच म्हणतात. थोडा वाढेलही. सोन्याचा व्यापारी, पाइप आणि ठिबकवाले उद्योजक, डाळमिलवाले, बाहेरून येणारे इंजिनिअर यांचा एक दिवस वाचतो. अजिंठा लेणी विमानतळापासून साठेक किलोमीटरवर. परदेशी पाहुणा इथे उतरला तर फर्दापूरच्या टपरीवाल्यालाही दोन पैसे मिळतील. पण केळी विमानाने जाणार नाही, हे स्वच्छ बोललं पाहिजे. निवडणुकीत कुणीतरी हमखास सांगतो, 'आपली केळी विमानाने दुबईला'. अहो, केळी जड आणि स्वस्त माल आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती परदेशी जाते ती तेरा-चौदा अंशांच्या थंड कंटेनरमधून, न्हावाशेवा बंदरातून, जहाजाने. दिल्लीला जाते ती ट्रकने आणि रावेर-सावद्याहून रेल्वेने. रावेरच्या शेतकऱ्याला विमानतळापेक्षा शीतगृह, पक्का रस्ता आणि वेळेवर वॅगन हवी.

आणि ऊन. यावर आपण बोलतच नाही.

जगातल्या कार्बन उत्सर्जनात विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास. आकडा लहान वाटतो. पण जगातली बहुतेक माणसं विमानात बसतच नाहीत. थोड्यांनी केलेला धूर सगळ्यांवर उतरतो. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा केळीचे घड करपतात. तो शेतकरी कधी विमानात बसलेला नसतो. गंमत बघा, तेच ऊन विमानालाही अडवतं. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते. मग लहान धावपट्टीवरून उडताना वजन कमी करावं लागतं, म्हणजे प्रवासी किंवा सामान कमी. १,७०० मीटरच्या धावपट्टीवर मोठी जेट आणायचं स्वप्न दाखवताना हे कुणी सांगत नाही.

मग विमान नकोच का? असं मी म्हणत नाही. पंख्याचं एटीआर त्याच आकाराच्या जेटपेक्षा बरंच कमी इंधन खातं, आपल्यासारख्या अंतराला तेच योग्य. १९ मे २०२३ ला पुण्याहून दिल्लीला एक प्रवासी विमान देशी हरित इंधनाच्या मिश्रणावर गेलं. ते इंधन पुण्याच्या प्राज कंपनीने बनवलेलं. सरकारने २०२७ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांत असं इंधन एक टक्का मिसळायचं ठरवलंय. शेतातल्या काडीकचऱ्यापासूनही ते करता येतं. आपल्याकडे पऱ्हाटी जाळतात. उद्या तिला भाव मिळाला तर विमानाचा सगळ्यात मोठा फायदा विमानात न बसणाऱ्याला होईल.

पण क्रम ठरवा. जळगाव-मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर, विजेवरची लाइन, रात्री बसा, सकाळी उतरा. धूर विमानाच्या कितीतरी कमी आणि जनरलच्या डब्यात जागा मिळाली तर गरिबालाही परवडतं. ऑगस्ट २०२५ पासून नागपूर-पुणे वंदे भारत जळगावला थांबते. चांगलंच झालं. पण टाटा हॉस्पिटलला केमोसाठी निघालेले आमच्याकडचे पेशंट आजही जनरलच्या दरवाजात बसून जातात. त्यांना वंदे भारत परवडत नाही आणि विमान तर नाहीच. एक जादा डबा त्यांचा जीव सोपा करील.

धुळेकरांचं तर आणखी वेगळं. तीन मोठे महामार्ग गावातून जातात आणि रेल्वेचं काय, तर १९०० मध्ये टाकलेला चाळीसगावचा फाटा. मनमाड-इंदूर लाइनला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, १८ हजार कोटींच्या वर. कित्येक निवडणुका त्या लाइनवर लढल्या गेल्या. गोंदूरला प्रवासी विमान येणार, अशी बातमी मधून मधून येते तेव्हा मला एवढंच म्हणायचं असतं, आधी ती लाइन पूर्ण होऊ द्या. विमानासाठी धुळेकराला जळगाव किंवा ओझर आहेच.

आता मागण्या. आमदार, खासदार, कलेक्टर साहेब, कुणीही वाचत असेल तर.

एक. जळगाव विमानतळावरून दर महिन्याला किती उड्डाणं ठरली होती, किती झाली, किती रद्द झाली, का झाली, प्रवासी किती, हे विमानतळाच्या दारात आणि कलेक्टर कचेरीत फलकावर लावा. भरपाईत आमचा पैसा आहे, हिशेब आम्हाला द्या.

दोन. भरपाई तीन वर्षांची असते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मार्गांसाठी ती घंटा २०२७ मध्ये वाजणार. त्यानंतर काय, हे आत्ता विचारा. कंपनी गाशा गुंडाळल्यावर निवेदन देऊन उपयोग नाही.

तीन. विमान रद्द झालं तर त्याच दिवशी रेल्वेत जागा मिळवून देण्याची सोय करा. राखीव कोट्यातल्या चार-सहा जागा पुरतील. कुणाचं मयत, कुणाचं ऑपरेशन असतं.

चार. स्टेशन ते विमानतळ एसटी किंवा शहर बस विमानाच्या वेळेला जोडा. आज रिक्षाचं भाडं ऐकून हवाई चप्पलवाला रस्त्यातूनच परत फिरेल.

पाच. ही मागणी आपल्या स्वतःकडे. विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा आणि मांसाचे अवशेष टाकायला कायद्याने बंदी आहे. कारण घारी येतात आणि घार इंजिनात गेली तर सत्तर जीव धोक्यात. जळगावचा बराच भाग त्या दहा किलोमीटरच्या आत येतो. तरी शहराबाहेर रस्त्याच्या कडेला काय पडलेलं असतं ते आपल्याला दिसतं.

यातल्या कुठल्याच मागणीला फार मोठा पैसा लागत नाही. पहिलीला तर एक फळा आणि खडू पुरेल.

तुमच्यापैकी ज्यांचं जळगावचं विमान ऐनवेळी रद्द झालं असेल, त्यांनी खाली तारीख आणि कुठलं विमान ते लिहा. कंपनीला शिव्या नकोत, फक्त तारीख. ज्यांचं वेळेवर आलं आणि काम झालं, त्यांनीही लिहा. सरकार यादी लावत नसेल तर आपण लावू. पन्नास-साठ तारखा जमल्या की मी ती यादी घेऊन कलेक्टर साहेबांकडे जाईन आणि काय उत्तर मिळालं ते इथेच सांगेन.